संकेतस्थळ रोज रात्री बंद पडते: हा हल्ला आहे का, आणि असल्यास काय करावे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सदस्यांच्या वर्गणीतून चालणारे, वीस वर्षांचे लेखन साठवलेले एक मराठी संकेतस्थळ गेले तीन आठवडे रात्री नऊ ते अकराच्या सुमारास वरचेवर बंद पडत आहे. ते २ जीबी मेमरीच्या एका भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर चालते आणि त्याची प्रणाली पाने तयार करणारी पीएचपी ही भाषा व लेखन साठवणारा मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर बेतलेली आहे. होस्टिंग कंपनीने ‘पुन्हा असे घडल्यास खाते स्थगित करू’ असे कळवले आहे. पैसे दिले नाहीत तर स्थळ कायमचे बंद पाडू, अशी एक निनावी ईमेलही आली आहे. व्यवस्थापकांपैकी काहींना मोठा सर्व्हर घ्यावा असे वाटते, तर काहींना भारताबाहेरचे सगळे आयपी पत्ते (म्हणजे इंटरनेटवरच्या जोडण्यांचे आकडी पत्ते) अडवावेत असे वाटते.

हे दोन्ही उपाय आज करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बंद पडण्याचे कारण हाती आलेले नसताना मोठा सर्व्हर घेणे म्हणजे दरमहा जास्त भाडे भरून तोच त्रास पुढे ढकलणे होय. आणि परदेशी पत्ते अडवण्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. त्याआधी एक हिशेब मांडतो, कारण माझ्या अनुभवात या विषयातले जवळजवळ सगळे निर्णय त्याच हिशेबातून निघतात. संकेतस्थळावरचे एखादे पान मागायला मागणाऱ्याला काहीच खर्च येत नाही. ते पान तयार करून द्यायला मात्र आपल्या सर्व्हरला मेमरी, प्रोसेसर आणि वेळ खर्चावा लागतो. हल्लेखोर या तफावतीवरच जगतो. तेव्हा आपला प्रत्येक उपाय एका पानामागचा आपला खर्च कमी करणारा, मागणाऱ्याचा खर्च वाढवणारा, किंवा भार आपल्यापेक्षा कितीतरी मोठी क्षमता असलेल्या कोणाच्या तरी अंगावर घेणारा असला पाहिजे.

आपल्याच सर्व्हरचे आकडे घेऊ. पीएचपीची एक प्रक्रिया साधारण ५० ते ६० एमबी मेमरी घेते. २ जीबीमधून डेटाबेसचा आणि कार्यप्रणालीचा वाटा वजा केला, तर एका वेळी फार तर २० प्रक्रिया चालतील. साधे पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल तर सेकंदाला ४० पाने देता येतील. पण वीस वर्षांच्या लेखनातला शब्दशोध ४ सेकंद घेत असेल, तर सेकंदाला अवघे ५ शोध होतील. म्हणजे सेकंदाला ६ शोधविनंत्या पाठवणारा कोणीही माणूस घरच्या साध्या संगणकावरून हे स्थळ बंद पाडू शकतो. प्रक्रियांची संख्या दुप्पट केली तर त्याला ६ ऐवजी ११ विनंत्या पाठवाव्या लागतील, एवढाच फरक पडेल. शोधाचा वेळ ४ सेकंदांवरून पाव सेकंदावर आणला, तर मात्र तोच सर्व्हर सोळापट भार सोसेल.

निदानाकडे वळण्यापूर्वी एक काम आज रात्रीच करावे. संपूर्ण डेटाबेसची आणि सदस्यांनी चढवलेल्या चित्रांची प्रत होस्टिंग कंपनीच्या आवाराबाहेर, दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत आणि शक्य असल्यास कोणाच्या तरी घरच्या डिस्कवरही ठेवावी. मी काही काळ सांभाळलेल्या एका संस्थेच्या स्थळाचे खाते अशाच सूचनेनंतर स्थगित झाले. आमच्या रोजच्या प्रती त्याच खात्यात साठत असल्यामुळे अकरा दिवस आमच्या हाती स्वतःचे एक अक्षरही नव्हते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहिती केंद्राला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली, तेव्हा मूळ माहिती आणि तिची प्रत एकाच आवारात ठेवलेल्या अनेकांनी दोन्ही गमावल्या. समूहाचे स्थळ दोन दिवस बंद राहिले तर सदस्य हळहळतील, पण परत येतील. वीस वर्षांचे लेखन गेले तर परत येण्यासारखे काही उरणार नाही, म्हणून मी स्थळ चालू ठेवण्यापेक्षाही प्रत राखण्याला वरचे स्थान देतो.

आता निदान. ‘रात्री नऊ ते अकरा’ ही नियमित वेळ मला विचार करायला लावते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे साडेअकरा ते दुपारचे दीड वाजलेले असतात. म्हणजे इकडचे वाचक जेवणे उरकून आणि तिकडचे कामाच्या मधल्या सुट्टीत एकाच वेळी स्थळावर येत असण्याची शक्यता आहे. रोजची प्रत घेण्याचे किंवा साप्ताहिक पत्र पाठवण्याचे स्वयंचलित काम कोणीतरी याच वेळेला लावून ठेवलेले असेल, तर तेही कारण पुरेसे आहे. म्हणून सर्वप्रथम ठरलेल्या कामांची यादी तपासावी. त्यानंतर होस्टिंग कंपनीच्या नियंत्रण पटलावरचा येणाऱ्या रहदारीचा आलेख पाहावा. स्थळ बंद पडताना तो आलेख आकाशाला भिडला असेल तर गोष्ट वेगळी. पण तो नेहमीसारखाच असेल आणि प्रोसेसर व मेमरी मात्र तुडुंब भरलेली असेल, तर बाहेरून आलेला लोट नव्हे, आपलीच महागडी पाने आपल्याला बुडवत आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे वेब सर्व्हरची नोंदवही, जिला आपण ॲक्सेस लॉग म्हणतो. बंद पडण्याच्या आधीची वीस मिनिटे वेगळी काढावीत आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून किती विनंत्या आल्या, कोणते पान किती वेळा मागितले गेले, मागणाऱ्याने स्वतःची ओळख काय सांगितली आणि पान द्यायला किती वेळ लागला, हे चार प्रकारे मोजावे. शेवटचा आकडा बहुतेक स्थळांवर नोंदवलाच जात नाही, तो आजपासून नोंदवायला लावावा. मायएसक्यूएलची संथ क्वेरींची, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या वेळखाऊ प्रश्नांची, नोंदवहीही चालू करावी. या मोजणीला एक संध्याकाळ लागते, आणि ती न करता केलेला प्रत्येक उपाय अंधारातला असतो.

अशा मोजणीतून मला प्रत्यक्ष काय सापडले आहे, त्याची दोन उदाहरणे देतो. एका संस्थेच्या स्थळावर कार्यक्रमांचे कॅलेंडर होते आणि त्यावर ‘मागील महिना’ असा दुवा होता. एक बॉट, म्हणजे आपोआप पाने उघडत फिरणारा प्रोग्राम, तो दुवा धरून महिन्यामागून महिना मागे जात अठराव्या शतकात पोहोचला होता, आणि प्रत्येक रिकाम्या महिन्यासाठी डेटाबेस पाच क्वेरी चालवत होता. तेथील कार्यकर्त्यांची मात्र आपल्यावर कोणीतरी सूड उगवत आहे अशी खात्री झाली होती. दुसऱ्या ठिकाणी दिवाळी अंक प्रसिद्ध होताच स्थळ कोसळले. एकदा बनवलेले पान पुन्हा पुन्हा देता यावे म्हणून पानांच्या तयार प्रती ठेवल्या होत्या, तरीही कोसळले. कारण असे निघाले की फेसबुकवरून येणाऱ्या प्रत्येक वाचकाच्या दुव्याच्या शेवटी फेसबुक स्वतःची ‘एफबीसीएलआयडी’ नावाची वेगवेगळी खूण जोडते. त्यामुळे आमच्या सर्व्हरला प्रत्येक दुवा नवाच वाटत होता आणि एकच संपादकीय तो हजारो वेळा नव्याने रांधत होता. तयार प्रत शोधताना ती खूण दुर्लक्षित करायला लावल्यावर त्याच सर्व्हरने उरलेली दिवाळी सुखरूप पार पाडली.

खरा हल्ला असेल तर तो कोणत्या जातीचा आहे यावर उपाय अवलंबून असतो. सर्वांत ढोबळ जात म्हणजे जोडणीच भरून टाकणारा लोट. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहब या प्रोग्राम साठवणाऱ्या स्थळावर आलेला लोट १.३५ टेराबिट प्रतिसेकंद इतका होता, म्हणजे १ गिगाबिटच्या जोडणीच्या १,३५० पट. त्यासाठी हल्लेखोराला तेवढी स्वतःची यंत्रे लागली नाहीत. इंटरनेटवर उघडे पडलेले मेमकॅश्ड नावाचे, माहिती मेमरीत साठवणारे सर्व्हर त्याने गिटहबच्या खोट्या पत्त्यानिशी प्रश्न विचारून चाळवले, आणि प्रश्नापेक्षा सुमारे ५१ हजार पटींपर्यंत मोठी उत्तरे थेट गिटहबच्या दारात जाऊन पडली. कोणीतरी आपल्या नावाने गावातल्या सगळ्या खानावळींना डबे पाठवायला सांगावे आणि सगळे डबे आपल्या दाराशी येऊन रस्ता अडावा, तसे ते घडते. अशा वेळी नको ती रहदारी अडवणाऱ्या सर्व्हरवरील फायरवॉलचा काहीही उपयोग नसतो, कारण रस्ता दाराच्या अलीकडेच तुंबलेला असतो. गिटहबने आपली रहदारी अकामाई या मोठ्या क्षमतेच्या कंपनीकडे वळवली आणि दहा मिनिटांच्या आत ते पुन्हा उभे राहिले.

दुसरी जात जोडण्यांवर घाला घालते. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधील पॅनिक्स ही इंटरनेट सेवा देणारी कंपनी सिन फ्लड नावाच्या हल्ल्याने ठप्प झाली होती. पंगतीत पाने मांडून ‘येणाऱ्या’ मंडळींसाठी जागा राखून ठेवाव्यात, ती मंडळी कधीच येऊ नयेत आणि खरे पाहुणे मात्र ताटकळत राहावेत, असा तो प्रकार आहे. त्यावरचा उपाय, ज्याला सिन कुकी म्हणतात, डॅनिएल बर्नस्टाइन यांनी त्याच सुमारास सुचवला. समोरचा खरोखर परत बोलेपर्यंत त्याच्यासाठी जागा राखायचीच नाही, ही त्यामागची कल्पना. आजच्या लिनक्समध्ये तो मुळातच चालू असतो, तरी एकदा तपासून घ्यावे. याच कुळातला स्लोलोरिस हा २००९ चा प्रकार विनंतीचे एकेक अक्षर सावकाश पाठवत खिडकी अडवून धरतो. जुन्या पद्धतीने मांडलेला अपाची सर्व्हर त्याला लवकर बळी पडतो, म्हणून त्याच्यापुढे एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर बसवून विनंती पूर्ण करण्याची मुदत १० ते १५ सेकंदांवर आणावी.

तिसरी जात, म्हणजे खऱ्या वाचकासारखी दिसणारी पण मुद्दाम महागडी पाने मागणारी विनंती, ही आपल्यासारख्या स्थळांना सर्वांत जास्त छळते. तिच्यासाठी फार मोठी ताकद लागत नाही, हे वरच्या हिशेबात दिसलेच. या जातीचे अजस्र रूप २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिसले. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या एचटीटीपी-२ या पद्धतीतील एका त्रुटीचा फायदा घेऊन पाने मागायची आणि लगेच रद्द करायची, या युक्तीने गूगलवर सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्यांचा मारा झाला. त्या त्रुटीवरची दुरुस्ती सर्व मोठ्या वेब सर्व्हरांत झालेली आहे. म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या आधीची आवृत्ती चालवत असाल तर ती या आठवड्यात बदला.

पहिल्या जातीच्या हल्ल्यासाठी, आणि तिसऱ्याच्याही बऱ्याचशा भागासाठी, स्थळापुढे एखादे मोठे वितरण जाळे, म्हणजे वाचकांच्या विनंत्या आधी स्वतःच्या अनेक सर्व्हरांवर झेलणारी सेवा, उभे करणे हाच समूहाला परवडणारा मार्ग आहे. असे जाळे चालवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीने सप्टेंबर २०१७ पासून आपल्या मोफत योजनेतही हल्ल्याचा आकार न मोजता संरक्षण द्यायला सुरुवात केली. वृत्तस्थळे आणि मानवी हक्कांचे काम करणाऱ्या संस्था यांच्यासाठी गूगलची प्रोजेक्ट शील्ड ही मोफत सेवा आहे. अमेरिकेतील सुरक्षा-पत्रकार ब्रायन क्रेब्स यांचे स्थळ सप्टेंबर २०१६ मध्ये सुमारे ६२० गिगाबिटच्या माऱ्याखाली आले, तेव्हा त्यांना विनामूल्य सांभाळणाऱ्या अकामाईने हात काढून घेतला आणि ते प्रोजेक्ट शील्डकडे गेले. मोफत छत्र कधीतरी मिटू शकते हे यावरून लक्षात ठेवावे, पण म्हणून ते नाकारू नये.

छत्र उभारताना सर्वांत जास्त चुका होतात त्या मूळ पत्ता लपवण्यात. स्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारे डीएनएस नव्या जाळ्याकडे वळवले तरी सर्व्हरचा जुना आयपी पत्ता तसाच राहतो, आणि जुन्या डीएनएस नोंदी साठवणारी स्थळे तो कोणालाही सांगतात. म्हणून जाळे लावल्यानंतर कंपनीकडून नवा पत्ता मागून घ्यावा आणि फायरवॉलमध्ये वेबची दारे फक्त त्या जाळ्याच्या पत्त्यांसाठी उघडी ठेवावीत. एवढे करूनही ईमेल त्याच सर्व्हरवरून जात असेल, तर ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर येणाऱ्या पत्राच्या शीर्षभागातच नवा पत्ता लिहिलेला असतो. मी स्वतः एका स्थळाची इतर सर्व तजवीज करून ही एकच गोष्ट विसरलो होतो, आणि दुसऱ्याच दिवशी मारा थेट मूळ सर्व्हरवर आला. ईमेल वेगळ्या सेवेतून पाठवावी. ‘मेल’, ‘एफटीपी’, ‘टेस्ट’ अशी उपनावे त्याच पत्त्याकडे बोट दाखवत नाहीत ना, हे पाहावे. ही उपनावे गुप्त राहतील अशा भरवशावरही राहू नये, कारण स्थळांना दिलेल्या सुरक्षा प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्यांत ती कोणालाही वाचता येतात.

आणखी एक गैरसमज दूर करतो. क्लाउडफ्लेअर लावले म्हणजे सगळी पाने तिथूनच जातील असे नाही. नेहमीच्या मांडणीत ते चित्रे, शैलीपत्रके यांसारख्या स्थिर फायलींच्याच प्रती ठेवते. लेखाचे पान मात्र दर वेळी आपल्या सर्व्हरकडूनच मागते. म्हणून प्रवेश न केलेल्या वाचकांना पानाची तयार प्रतच द्यावी, असा नियम वेगळा लिहावा लागतो. आपल्या स्थळाचे बहुसंख्य वाचक प्रवेश न करता नुसते वाचतात, त्यामुळे इथे सर्वांत मोठी बचत आहे. तयार प्रत फक्त एक मिनिट टिकवली तरी चालते. सेकंदाला शंभर जण एकच लेख मागत असतील, तर सहा हजार वेळांऐवजी तो एकदाच तयार होतो. मात्र काही प्रणाली पहिल्याच भेटीत प्रत्येक पाहुण्याच्या हाती सेशन कुकी, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, ठेवतात आणि त्यामुळे तयार प्रत कोणालाच मिळत नाही, ते बंद करावे. प्रतीची मुदत संपताच एकदम आलेल्या शंभर जणांपैकी एकासाठीच नवे पान बनवावे आणि बाकीच्यांना तोवर जुनी प्रत द्यावी, ही सोय एनजिनएक्समध्ये आहे, ती वापरावी.

जुन्या लेखनासाठी मी याहून पुढे जाईन. दहा वर्षांपूर्वीचे लेख आता बदलणार नाहीत. त्यांची साधी एचटीएमएल पाने करून ठेवली, तर त्यांच्यासाठी पीएचपी आणि डेटाबेस यांना उठवावेच लागत नाही, आणि तेवढा भाग अगदी लहान सर्व्हरही सेकंदाला हजारो वेळा देऊ शकतो. शोध, वाचकांची क्रमवारी, ‘आत्ता कोण उपस्थित’ असले महागडे भाग फक्त प्रवेश केलेल्या सदस्यांना द्यावेत, किंवा शोधासाठी डेटाबेसमध्ये योग्य सूची तरी बांधावी. मारा चालू असताना स्थळ केवळ वाचनासाठी खुले ठेवून नवी नोंदणी आणि नवे लेखन तात्पुरते थांबवता येईल अशी एक कळ आधीच तयार ठेवावी, कारण ऐन वेळी ती लिहायला जाणाऱ्याच्या हातून भलतेच काही मोडते.

आता विनंत्यांची मर्यादा आणि परदेशी पत्ते. एका पत्त्यावरून सेकंदाला ५ ते १० पाने, आणि शोध मिनिटाला १०, एवढी मर्यादा सुरुवातीला पुरेशी आहे. ती ओलांडणाऱ्याला ‘फार विनंत्या झाल्या’ असे सांगणारा ४२९ हा संकेत द्यावा. याहून कडक होऊ नये, कारण भारतातील मोबाइल कंपन्या एकेका जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही४, पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात आणि एक पत्ता अडवला तर निरपराध वाचकांचा जथाच बाहेर राहतो. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत उलट अडचण आहे. तिथे एकाच घराला अगणित पत्ते मिळतात, म्हणून मर्यादा एका पत्त्यावर नव्हे तर पहिल्या ६४ बिटांच्या गटावर लावावी. आणि पुढे वितरण जाळे असेल, तर वाचकाचा खरा पत्ता त्या जाळ्याने पाठवलेल्या विनंतीच्या शीर्षभागातून घेण्याची मांडणी आधी करावी. ती न करता मर्यादा लावली, तर सर्व्हर त्या जाळ्याच्याच पत्त्यांना हल्लेखोर समजून अडवतो आणि स्थळ सगळ्यांसाठी बंद होते. मी ही चूक केलेली आहे.

भारताबाहेरचे सगळे पत्ते अडवण्याला माझा विरोध केवळ तांत्रिक नाही. अमेरिका, इंग्लंड, आखाती देश, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया येथील मराठी माणसांसाठी असे स्थळ म्हणजे पुष्कळदा मराठी वाचण्या-लिहिण्याची रोजची एकच जागा असते, आणि वर्गणी देणाऱ्यांतही ते असणारच. शिवाय हल्ल्यात वापरले जाणारे कॅमेरे, राउटर आणि संसर्ग झालेले संगणक भारतातही आहेत, तेव्हा बंदी घालूनही मारा थांबेल याची हमी नाही. एखाद्या विशिष्ट देशातून किंवा भाड्याच्या सर्व्हरांच्या जाळ्यातून संशयास्पद ओघ येत असेल, तर त्याला अडवण्याऐवजी ब्राउझरची चाचणी द्यायला लावावी, तीही मारा चालू असेपर्यंतच.

बॉटांचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत ‘हल्ला झाला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच प्रत्यक्षात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करणाऱ्या बॉटांच्या निघाल्या. विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की त्यांच्या सर्वांत खर्चिक रहदारीपैकी ६५ टक्के बॉटांमुळे येते, जरी पाने पाहण्यात बॉटांचा वाटा सुमारे ३५ टक्केच आहे. माणसे गाजणारे चार लेख वाचतात आणि त्यांची तयार प्रत असते. बॉट कोपऱ्यातला प्रत्येक जुना लेख उघडतो, ज्याची तयार प्रत कधीच नसते. वीस वर्षांचे मराठी लेखन असलेल्या स्थळावर ते येणारच. बॉटांसाठी सूचना लिहिण्याच्या रोबोट्स फाइलमध्ये मनाई लिहावी, पण ती विनंती आहे, कुलूप नव्हे; न ऐकणाऱ्यांना वेग-मर्यादा आणि गरज पडल्यास अनुबिससारखे साधन लावावे. अनुबिस वाचकाच्या ब्राउझरकडून थोडे गणित करून घेऊनच दार उघडते, म्हणजे मागणाऱ्याचा खर्च वाढवते. जुन्या फोनवर मात्र ते जड जाते, म्हणून ते शोध आणि याद्यांच्या पानांपुरतेच ठेवावे. शोधयंत्रांचे आणि इंटरनेट आर्काइव्हचे बॉट अडवू नयेत. उद्या आपले काही बरेवाईट झाले तर लेखनाची एक प्रत तिथे सापडेल.

आपले स्थळ दुसऱ्यावर उगारलेले शस्त्र होऊ नये, हीही जबाबदारी आपलीच आहे. मार्च २०१४ मध्ये एका स्थळावरील माऱ्यात १ लाख ६२ हजारांहून अधिक वर्डप्रेस या प्रणालीवरची निरपराध स्थळे त्यांच्या पिंगबॅक सोयीमार्फत (म्हणजे दुवा दिल्याचे दुसऱ्या स्थळाला कळवण्याच्या सोयीमार्फत) जुंपलेली आढळली होती. आपली प्रणाली वर्डप्रेस असेल तर ही सोय चालवणारी ‘एक्सएमएलआरपीसी’ची फाइल गरज नसल्यास बंद करावी, आणि डेटाबेस व मेमकॅश्ड यांची दारे बाहेरच्या जगासाठी उघडी नाहीत याची खात्री करावी.

धमकीच्या ईमेलला उत्तर देऊ नये आणि पैसे तर मुळीच देऊ नयेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रोटॉनमेल या स्वित्झर्लंडमधील सेवेने भोवतालच्या दबावापोटी खंडणी भरली, तरी मारा थांबला नाही. ती ईमेल संपूर्ण शीर्षभागासह जपून ठेवावी आणि बंद पडण्याच्या प्रत्येक वेळेच्या नोंदी वेगळ्या साठवाव्यात. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली हक्काचा प्रवेश नाकारला जाईल असे कृत्य करणे हा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवण्याची मुदत असून नोंदवह्या १८० दिवस राखायच्या असतात. आपली नोंदणीकृत संस्था असेल तर हे अंगवळणी पाडावेच. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रारही नोंदवावी. आरोपी सापडेलच असे नाही, पण होस्टिंग कंपनीशी बोलताना त्या तक्रारीच्या क्रमांकाचा उपयोग होतो.

त्या कंपनीला आजच लेखी कळवावे की आम्ही पुढे वितरण जाळे उभारत आहोत, त्याला अमुक दिवस लागतील, आणि दरम्यान मारा झाल्यास खाते स्थगित करण्याऐवजी आमचा पत्ता तात्पुरता ब्लॅकहोल करावा, म्हणजे त्याकडे येणारी सगळी रहदारी टाकून द्यावी. त्यात स्थळ तेवढा वेळ दिसत नाही, पण माहिती शाबूत राहते आणि शेजारच्या ग्राहकांना त्रास होत नाही. आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही हे दिसले की बहुतेक कंपन्या सबुरीने घेतात. न घेणारी असेल, तर प्रत बाहेर असल्यामुळे दुसरीकडे जाता येते, आणि त्यासाठी डीएनएसमधली नोंद इतरांनी साठवून ठेवण्याची मुदत आधीच ५ मिनिटांवर आणून ठेवावी.

शेवटी, बंद पडण्याची जी कारणे कोणाच्याच दुष्टाव्यातून येत नाहीत, त्यांचीही यादी आपल्या व्यवस्थापकांच्या हाती असू द्या: डोमेनचे नूतनीकरण राहणे, लेट्स एन्क्रिप्टच्या ९० दिवसांच्या मोफत सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत उलटणे, नोंदवह्यांनी डिस्क भरणे, आणि सगळे पासवर्ड एकाच माणसापाशी असून तो माणूस परगावी किंवा आजारी असणे. डोमेनची नोंदणी वितरण जाळ्याच्याच कंपनीकडे ठेवू नये. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर स्वतःच्याच एका बिघडलेल्या फाइलमुळे कित्येक तास अडखळले. अशा वेळी डोमेनची चावी दुसऱ्या कंपनीकडे असेल तर निदान बाहेर पडण्याचा एक रस्ता उरतो. स्थळ चालू आहे की नाही हे दर ५ मिनिटांनी बाहेरून तपासणारी एखादी सेवा लावून तिचा निरोप दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन व्यवस्थापकांच्या फोनवर जाऊ द्यावा, म्हणजे एक झोपला असताना दुसरा जागा असेल. आणि दर तीन महिन्यांनी बाहेर ठेवलेल्या प्रतीवरून एखाद्या रिकाम्या सर्व्हरवर संपूर्ण स्थळ उभे करून पाहावे. त्याला किती तास लागले हे लिहून ठेवावे.

नोंदवहीतील चार मोजण्या तीन रात्रींच्या घेऊन पाठवल्यात, तर मारा कोणत्या जातीचा आहे हे मी अधिक नेमके सांगू शकेन. पाठवताना सदस्यांच्या आयपी पत्त्यांचे शेवटचे आकडे झाकावेत आणि शोधलेले शब्द काढून टाकावेत. संथ क्वेरींच्या यादीतलेही शोधलेले शब्द झाकावेत, बाकी यादी मात्र जशीच्या तशी हवी, कारण माझा पहिला संशय त्या शोधाच्या पानावरच आहे.